त्याच्या नावाची बाटली

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या जूनमध्ये आमची शाळा नेहमीसारखी उघडली. मी लोणावळ्याच्या शाळेत इंग्रजी तिसरीत गेलो होतो. वडील रेल्वेत तारमास्तर होते आणि आम्ही स्टेशनाजवळच्या चाळीत राहत होतो.

पहिल्या दिवशी नवं हजेरीपुस्तक पुण्याहून आलेलं नव्हतं. शास्त्राच्या मास्तरांनी गेल्या वर्षीचंच उघडलं आणि सवयीने नावं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला कुणी ओ दिली नाही. मास्तरांनी मान वर न करता ते नाव पुन्हा वाचलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पेन्सिल हातातच राहिली. त्या यादीत अशी पाच नावं होती. उरलेली हजेरी त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघून, काही न वाचता भरली.

त्या पाचांतला एक माझ्या बाकावर बसायचा. वडिवळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे मामा लोणावळ्याला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते, त्यांच्याकडे तो शिकायला राहिला होता. वर्गात तो फारसा बोलत नसे. बोलला की त्याच्या ‘न्हाई’ला आणि ‘कुटं’ला मुलं हसत. माझ्याशी मात्र तो मधल्या सुट्टीत भरभरून बोलायचा. ताप गावात शिरला तेव्हा मामांनी, खेड्यावर हवा बरी, म्हणून त्याला वडिवळ्याला पोचवलं. तिथे तो आठ दिवसही जगला नाही. ताप आमच्या चाळीतही आला, माझी धाकटी बहीण आजारी पडली आणि उठली. मला तर साधी सर्दीही झाली नाही.

त्याच्या आधीच्या जूनमध्ये, म्हणजे सगळे होते तेव्हा, मास्तरांनी वर्षाचा पहिला धडा श्वासावर घेतला होता. घरून एकेक रिकामी बाटली आणायला सांगितली. मी दौत नेली. त्याने मामांच्या घरातली औषधाची हिरवट बाटली आणली, सहा कोनांची. मास्तरांनी प्रत्येकाच्या बाटलीत चुन्याची निवळी ओतली. चुना पाण्यात कालवून तळाशी बसला की वरचं जे स्वच्छ पाणी राहतं, ती निवळी. काचेच्या नळीने तिच्यात फुंकलं की ती दुधासारखी होते, कारण आपल्या श्वासातला वायू त्या चुन्याला धरून बसतो. मास्तर म्हणाले, बाटल्यांना बुचं लावून लाखेने बंद करू, वर्षभर कपाटात ठेवू, आणि पुढच्या जूनमध्ये तेजाबाचे, म्हणजे आम्लाचे, दोन थेंब टाकून तो धरून ठेवलेला वायू पुन्हा मोकळा करू. आम्हाला ती गंमत वाटली.

त्याची पाळी आली तेव्हा त्याने फुंकायच्या ऐवजी ओढलं. निवळी तोंडात गेली, जीभ पोळली. तो खिडकीतून थुंकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि नळीला पुन्हा तोंड लावायला काही केल्या तयार होईना. मास्तर पुढच्या बाकापर्यंत आले होते. मी त्याची बाटली ओढून घेतली आणि फुंकली. मास्तर पोचले तोवर पाणी पांढरं झालं होतं आणि बाटली परत त्याच्यापुढे होती. मास्तर त्याला शाबास म्हणाले. त्याने कागदाच्या पट्टीवर आपलं नाव लिहिलं, खळ लावून बाटलीवर चिकटवलं, आणि बाटली स्वतः कपाटात नेऊन ठेवली.

आता मास्तरांनी ते कपाट उघडलं. बाटल्या रांगेत होत्या. प्रत्येकीच्या तळाशी पांढरा साका बसला होता आणि वर पाणी अगदी नितळ. मास्तरांनी ज्याची त्याला बाटली दिली. बूच काढून तेजाबाचे थेंब टाकले की साक्यातून बारीक बुडबुडे निघत. गेल्या वर्षी तुम्ही सोडलेला वायू हा, असं सांगताना मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच होता. माझ्या दौतीतले बुडबुडे चटकन संपले. सगळ्यांचं झालं तेव्हा कपाटात पाच बाटल्या उरल्या. मास्तरांनी कपाटाला कुलूप लावलं. त्या पाचांचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

कपाटाजवळच्या बाकावर बसायला कुणी तयार होईना. घाट चढून आलेली गाडी शाळेमागून गेली की जमीन थरथरायची, आणि कपाटातल्या त्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. त्या आठवड्यात धुकं वर्गात भरलं होतं, फळ्यावरचं दिसत नव्हतं. अशा वेळी तो आवाज आला की मास्तरसुद्धा शिकवताना थांबत. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. मला मात्र दरवेळी वाटायचं की आवाज एकाच बाटलीचा आहे.

शेवटी मला राहवलं नाही आणि मी त्याच्या मामांना गाठून सांगितलं की शाळेत त्याच्या नावाची एक बाटली अजून आहे. का सांगितलं, ते आजही नीट सांगता येत नाही. तिचं काहीतरी व्हावं, ती तिथून जावी, एवढंच वाटत होतं. मी फुंकल्याचं मामांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं.

चारपाच दिवसांनी शास्त्राचा तास चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. कामशेतपर्यंत चालत येऊन तिथून गाडीने आली होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, पण कपाळ आणि भुवया बघून ओळखलं. मास्तर पुढे झाले.

“मास्तर, माझ्या पोराची बाटली हाय म्हनं हितं,” ती म्हणाली. “त्याचा वारा हाय म्हनं तिच्यात.”

मास्तरांनी कपाट उघडून बाटली काढली, पण लगेच दिली नाही. खोटं त्यांना खपत नसे. आमच्या वहीतल्या चुकीच्या आकृतीवरही ते रागवत. तिच्याशी ते फार हळू बोलले. यात वारा नाही, चुना आहे. श्वास त्याला लागून त्याचा असा साका झाला आहे, एवढंच. आता तेजाब घातलं तर थोडे बुडबुडे येतील आणि संपतील. घरी नेऊन काही उपयोग नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पर ह्यात त्यानंच फुकलंय न्हवं?”

मास्तर वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू शेजारी होतास. त्यानेच फुंकलं ना?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ती दारातून दोन पावलं आत आली होती. मी हो म्हणालो.

मास्तरांनी बाटली तिच्या हातात दिली. तिने ती पदरात गुंडाळली आणि घोंगडीच्या आत धरली, पाऊस लागू नये म्हणून लहान मूल धरतात तशी. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा हात गार होता.

पुढे मी शिकलो, आणि तळेगावला शास्त्राचा मास्तर म्हणून लागलो. जून जवळ आला, श्वासाचा धडा मलाच शिकवायचा होता, आणि मला झोप लागेना. अखेर एका सकाळी मी कामशेतला उतरून चालत वडिवळ्याला गेलो. ती ओसरीवर बसून राबात रोपांसाठी पेरायचं भाताचं बी निवडत होती. केस पांढरे झाले होते. मी कोण ते सांगितलं, तिने बसायला घोंगडी टाकली. मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं.

तिचा हात सुपात तसाच राहिला. मग म्हणाली, “म्हंजी त्यो तुजा वारा हाय.”

“हो, मावशी.”

“तवा का न्हाई बोललास?”

भ्यालो, असं मी म्हणालो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने सुपातले दोन खडे काढून अंगणात टाकले आणि आवाज खाली आणून म्हणाली, “झालं ते झालं. ह्यांस्नी मातर सांगू नगंस.”

तेवढ्यात तिचा नवरा घरातून काठी टेकत बाहेर आला. त्याला नीट दिसत नव्हतं. शाळेत शेजारी बसायचा तो हा, असं तिने सांगताच तो परत आत गेला आणि देवाजवळची बाटली घेऊन आला. काच हातांनी पुसून पुसून गुळगुळीत झाली होती. कागदाची पट्टी होती, पण अक्षरं उडाली होती. ती त्याने माझ्या हातात दिली नाही. मांडीवर धरून माझ्याजवळ बसला.

“तू बघितलंस त्याला फुकताना?” त्याने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून बी निवडत होती.

“बघितलं, आबा.”

“कसं फुकलं? दम लागला का?”

मग मी सांगितलं. त्याने नळी दोन्ही ओठांत कशी धरली, गाल कसे फुगवले, पाणी आधी कडेने आणि मग सगळंच कसं पांढरं झालं. दम लागला नाही. मास्तर शाबास म्हणाले. म्हातारा ऐकताना प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. संपल्यावर त्याने परत पहिल्यापासून सांगायला लावलं. निघताना म्हणाला, येत जा.

मी जात राहिलो. दर उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी एकदा. तो वारला तोपर्यंत, नऊ वर्षं. प्रत्येक वेळी तो तेच विचारायचा आणि मी तेच सांगायचो, फक्त दरवेळी थोडं जास्त: खिडकीतून उजेड कुठून येत होता, त्याचा सदरा कुठला होता, फुंकताना त्याने डोळे कसे मिटून घेतले होते. ती एकदाही मध्ये बोलली नाही. तो गेल्यावर तिने बाटली त्याच्याबरोबर दिली, असं मामांकडून कळलं.

आता मी म्हातारा झालो आहे आणि त्या तासाचं काही आठवायला गेलो तर मला तोच दिसतो, गाल फुगवून फुंकणारा. त्याच्या हातातून बाटली मी ओढून घेतली, ती नळी माझ्या तोंडात होती, हे मला माहीत आहे, पण ते आता दिसत नाही. कितीही प्रयत्न केला तरी त्या बाकावर माझी जागा रिकामी असते.