गॅसवाल्याच्या घरचा ड्रम

कचऱ्याच्या डोंगरात पाइप रोवून गॅस ओढणं हे त्याचं काम. हवा कुठून शिरतेय, गॅस कुठून निसटतोय, हे त्याला मीटरच्या आधी वासावरून कळे, म्हणून सगळे त्याला नाकपंडित म्हणत. "हवामान बिघडवणारा गॅस आम्ही पकडतो, त्यावर लोकांच्या शेगड्या पेटतात," असं तो ऐटीत सांगायचा. बराचसा गॅस पकडायच्या आधीच पसार होतो, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नसे.

डोंगराला खायला सतत ओला कचरा लागतो. आणि त्याच्याच बायकोने इमारतीमागे ओल्या कचऱ्याचं खत करायचा ड्रम मांडला! तो नीट चालला तर शहरभर तसेच ड्रम बसवायचं पालिकेत घाटत होतं.

"डोंगर उपाशी राहिला तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज," तो कुरकुरला.

"म्हणजे तुमच्या नोकरीसाठी जगाने सडकं पुरवत बसायचं?" बायको म्हणाली.

थोड्याच दिवसांत ड्रमला घाण वास सुटला. नाकपंडिताने जिन्यातच ओळखलं. आत ओल फार, हवा नाही. त्याच्या डोंगराचं पिल्लूच जन्माला येत होतं तिथे, तोच गॅस सोडणारं. उपाय साधा होता. ढवळायचं आणि वाळका पाला मिसळायचा. पण त्याने तोंडाला कुलूप लावलं. परस्पर पीडा टळतेय, आपण कशाला मधे पडायचं?

शेजाऱ्यांनी तिला नको नको ते ऐकवलं. आठवडाभरात वास गेला नाही तर ड्रम उचला, म्हणाले. त्या दिवशी जेवताना ती हळूच म्हणाली, "तुमचंच खरं. मला नाही जमत हे."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं, आणि जिंकूनही त्याने ताट बाजूला सारलं. स्वतःची लाज वाटली त्याला. हात धुऊन तो फावडं घेऊन खाली गेला, ड्रम तळापासून वरखाली केला, पोतंभर पाला मिसळला. वळून बघतो तर बायको मागे उभी.

"तुम्हाला आधीपासून कळत होतं?"

"कळत होतं."

पुढचे काही दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

वास गेला. शहरभर ड्रम बसायचं ठरलं. शेजारीण म्हणाली, "पण पुन्हा वास सुटला तर बोलवायचं कुणाला?"

"आमच्या ह्यांना," बायको म्हणाली. "त्यांना पहिल्याच दिवशी कळतं. फक्त सांगायला उशीर करतात."