पायात धरलेली फळी

लाकडाच्या भुशाचा वास आला की अजूनही मला ती कार्यशाळा आठवते. परदेशात सुतारकाम शिकायला गेलो, तो पहिलाच आठवडा. टेबलावर फळी नीट धरवेना, म्हणून आमच्या गावी, दातिवऱ्याला, होड्या दुरुस्त करताना बाबा करतात तसंच केलं. जड बूट काढून जमिनीवर बसलो, फळी पायांच्या बोटांत दाबली आणि पटाशी उचलली. शिक्षक किंचाळले. सगळी यंत्रं थांबली. “पुन्हा असं केलंस तर घरी जाशील,” ते म्हणाले आणि मी घाईघाईने बूट चढवले, कारण त्यांच्या सहीशिवाय तिथे नोकरीचा परवाना मिळणार नव्हता. यंदा सुट्टीत गावी आलो, तर बाबा तसेच बसलेले, लाकूड तासायचा वाकस अंगठ्याजवळ. “पाय काढा!” मी किंचाळलो. ते दचकले, वाकस नखाला चाटून गेला. “वरडतोस काय?” बाबा म्हणाले, “आजवर कदी चुकला नाय माजा हात.”