खिळ्यावरचा पेला

मे महिना, सोमवार, कारखान्यातली सकाळची पाण्याची सुट्टी. हजर: टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या आम्ही सहा जणी, त्यात लक्ष्मीअक्का आणि मी. शिवाय पॅकिंगवर लक्ष ठेवणाऱ्या मालकांच्या भावजय. त्यांना सगळ्या वहिनी म्हणतात.

"पदर सरकव जरा," वहिनी मला म्हणाल्या.

कमरेला, परकराच्या नाडीच्या रेषेवर, नायटा होता. लाल, गोल, कडेला खवले. वहिनींनी तो सगळ्यांना दाखवला. बोटानं नाही, मापाच्या पट्टीनं.

"तुमच्या वस्तीत असतंच हे. आंघोळीचा कंटाळा. आजपासून हिचा पेला वेगळा."

पोचा आलेला एक पेला निवडला. काठाखाली लाल दोरा बांधून टाकीजवळच्या खिळ्यावर टांगला. मी त्यातून पाणी प्यायले. घर चालवायचं होतं.

वहिनींच्या मनगटावर, सोन्याच्या बांगड्यांखाली, असलाच गोल होता. त्याला त्या ॲलर्जी म्हणत. केबिनचं दार लावून, कूलरसमोर बसून ट्यूब लावत. मी लावायची संडासात, भिंतीला टेकून, साडी दातात धरून. मला जळफळाट व्हायचा. त्या दाराचा हेवा, त्या कूलरचा हेवा. सगळ्यात जास्त त्या शब्दाचा. त्यांच्या अंगावर उठलं की आजार. माझ्या अंगावर उठलं की वस्ती, घाण, जात.

सात रस्ता चौकातल्या मेडिकलमधून मी आपल्या मनानं ट्यूब आणली होती. आधी खाज बसली, मग नायटा पाठीपर्यंत पसरला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या. "यात स्टिरॉइड आहे. हे बंद." नुसती बुरशीवरची ट्यूब लिहून दिली. जागा धुऊन, कोरडी करून पातळ लावायची, गोलाच्या कडेबाहेरपर्यंत. डाग गेला तरी त्या सांगेपर्यंत थांबायचं नाही. टॉवेल कुणाचा घ्यायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.

ट्यूब हातात घेतली. वहिनींच्या टेबलावर असते तीच.

मी विचारलं, "बाई, पेल्यानं पसरतं व्हय हे?"

"पाण्याच्या पेल्यानं? नाही हो."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. कारखान्यात बेसिनजवळ आम्हा सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. दिवसभर ओला. टॉवेलांच्याच कारखान्यात! तो तसाच राहिला. वेगळा केला तो पेला. म्हणजे भीती बुरशीची नव्हतीच. माझ्या आईला मोडनिंबच्या हॉटेलात वेगळी कपबशी असायची. बाहेर वळचणीला ठेवलेली. आई चहा पिऊन, धुऊन परत तिथंच ठेवायची. ते सगळं आईबरोबर गेलं, असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सगळ्यांचा पेला उचलला आणि टाकीखाली धरला.

"अगं ए, तुझा पेला तिकडे आहे ना?"

"तुमचा कुटाय, वहिनी? तुमच्यासाठीबी एक टांगा की. बांगड्याखाली तेच हाय."

"ही ॲलर्जी आहे माझी."

"मग माझीबी ॲलर्जीच म्हणा."

मी पेला तोंडाला लावून दोन घोट प्यायले. लक्ष्मीअक्का तेवढी पदर तोंडाला लावून हसली. मग पुढं आली. "लई तहान लागली बघ ताई, आन तो इकडं," म्हणाली, आणि माझ्या हातातला उष्टा पेला घेऊन गटागटा प्यायली. वहिनी केबिनमध्ये गेल्या. दार लावून घेतलं.

नायटा सुकत आलाय. ट्यूब चालू आहे, बाई थांब म्हणेपर्यंत चालू राहील. हेवा मात्र गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणार नाही. तो मला मागायला लावतो. एकेकीला एकेक टॉवेल द्या म्हटलं, नापास मालातला का होईना. वहिनी म्हणाल्या, "बघू." मी रोज विचारते. कामावरून काढेपर्यंत विचारणार, काढलं तर दारात उभी राहून विचारणार.

दोरा बांधलेला पेला मी भंगारात टाकला. खिळा अजून भिंतीत आहे, पुढच्या कुणासाठी तरी. तो उपटायचा राहिलाय. उद्या घरून पकड न्यायची आहे.