कप उचलण्याआधी

हे गेल्यावर मी काही महिने मुलीकडे पोर्तुगालला राहिले. तिच्या घराखाली कॉफीचं छोटं दुकान होतं. दुकानदार साठीचा, लंगडणारा. कप उचलण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा उजव्या. मागे नुसती भिंत होती.

शेवटी मी विचारलंच, "कुणी येणार आहे का?"

"मी फुटबॉल खेळायचो, मैदानाच्या मधोमध," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "तिथे चारी बाजूंनी माणसं अंगावर येतात. चेंडू पायाशी यायच्या आत मागे बघून घ्यायचं. सोळा वर्षं बघितलं. एकदाच राहिलं." बोलता बोलता त्याचा हात गुडघ्यावर गेला.

सोळा वर्षांचा खेळ कधीच संपला होता. बघायचं राहिलं तो एक क्षण मात्र अजून त्याच्या मागे उभा होता, आणि त्या भिंतीत तो त्या क्षणालाच शोधत असावा.

आज सकाळी इथे माझ्या घरी ओट्यावरून चहाचा कप उचलताना माझीच मान वळली. मागे ह्यांची खुर्ची होती. त्या सकाळी हे तिथे बसल्या बसल्या गेले, तेव्हा मी पाठमोरी चहा गाळत होते.