घरटी एक नाव

माझा स्वभाव तापट. कागद अपुरा दिसला की माझं डोकं फिरतं, आणि माणसं पुरवण्याच्या धंद्यात पुरे कागद कुणाकडेच नसतात. वडील नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर मुकादम होते. ओली लाल मिरची उन्हात पसरायला, वाळली की देठ खुडायला बायका लागत, त्या ते आणून देत. त्यांच्यामागे मी त्या मुकादमीची एजन्सी केली. स्टेशनजवळ दोन खोल्या, बाहेर पाटी, आत परवाना आणि संगणक. काम तेच राहिलं. सकाळी फोन येणार, आज वीस बायका पाठवा, आणि मी पाठवणार.

हजेरीची वडिलांची रीतही मी मोडली नाही. घरटी एक नाव. वहीत मोठ्या सुनेचं नाव असलं तरी तिच्या जागी धाकटी येई, कधी सासू, कधी माहेरी आलेली नणंद. त्या घरातून कुणीतरी आलं की झालं. बायकांना ते बरं पडायचं. कुणाचं बाळंतपण असायचं, कुणाच्या शेतात कापूस वेचणी. मर्जीने यायचं, मर्जीने थांबायचं. मलाही बरं पडायचं, वीसच्या जागी कधी एकोणीस होत नसत.

मग कायदे बदलले. आज इथे, उद्या तिथे काम करणाऱ्यालाही नियुक्तीपत्र हवं, नोंदणी हवी, विमा हवा. शहाद्यात आम्हा एजन्सीवाल्यांची बैठक झाली. तिथे एक सल्लागार सांगत होता, "सगळ्यांना स्वतंत्र कामगार दाखवा, म्हणजे तुमच्यावर काही येत नाही." मी त्याला चारचौघांत झापलं. म्हटलं, माझ्या प्रत्येक बाईला पत्र मिळेल. त्या बोलण्याचा टेंभा मी पुढे महिनाभर मिरवला.

पत्रं मी खरंच काढली. पण वहीवरून काढली. वहीत घरटी एक नाव, म्हणून घरटी एक पत्र निघालं. मोबाइलवर चेहरा दाखवून हजेरी लावायची सोयही घेतली होती. पहिल्याच सकाळी निम्म्या बायकांचे चेहरे जुळेनात. पथारीवर ढीग तसाच पडलेला, व्यापारी फोनवर ओरडतोय. मी वैतागून ती सोय बंद केली आणि पुन्हा वही उघडली.

रनाळ्याच्या एका घरातली धाकटी सून तेव्हा माझ्यासमोर उभी होती. मोठ्या जावेचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे सहा हंगाम, तीच कामाला येत होती. दहावी झालेली, नीटनेटकी. ती म्हणाली, "ताई, पत्र तं जेठानीना नावनं शे. मन्हं काय?"

"घरमा पत्र उनं ना? मंग तुन्हंच शे ते," मी खेकसले. "चाल, कामले लाग."

तिला त्या दिवशी दोन मिनिटं दिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मला हे रोज आठवतं.

दोन महिन्यांनी, मीच तिला पाठवलेल्या मिरची दळण्याच्या कारखान्यात, यंत्राच्या पट्ट्यात तिचा पदर अडकला. पदर सोडवायला गेलेला उजवा हात मनगटापासून गेला. नवरा सुरतेला कामाला, म्हणून जेठानीच दवाखान्यात धावली. विमा आपल्या नावावर आहे, उपचार अडायला नकोत, या विचाराने तिने पत्र पुढे केलं आणि जखमी बाईचं नाव म्हणून स्वतःचं नाव लिहून दिलं. घरटी एक नाव, हे तिला मीच शिकवलं होतं. भरपाईचा अर्जही त्याच नावाने गेला.

चौकशीची नोटीस जेठानीच्या नावाने आली. मलाही बोलावलं होतं. ती आली ती उजवा हात पदराखाली गच्च दाबून. धाकटी मागच्या बाकावर बसलेली, तिचाही हात पदराखाली. अधिकारी शांत माणूस होता. त्याने म्हटलं, "बाई, हात दाखवा."

जेठानी हलली नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिने हात बाहेर काढला. पाची बोटं जागेवर, बांगड्या तशाच. तिला रडू फुटलं. "साहेब, नाव मन्हं शे, हात तिना गया. तिले द्या ना."

अधिकाऱ्याने धाकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तुमच्याकडे कामाला होती का? होती म्हणालात तर हिच्या नावाने दावा उभा राहील. पत्र नसलं तरी चालेल. खोट्या हजेरीचा जाब मात्र तुम्हाला द्यावा लागेल."

म्हणजे परवाना जाणार. वडिलांपासूनचं सगळं जाणार. मी मनाशी चाळीस घरांच्या रोजीची सबब तयार केली. ती सबब खोटी नव्हती, पण मला भीती माझीच वाटत होती.

"मी हिला ओळखत नाही," मी म्हणाले.

जेठानीने माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहिलं. अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर मी वही जाळली. आता माझ्याकडे प्रत्येक बाईचं वेगळं पत्र आहे, चेहरा जुळल्याशिवाय कुणी पथारीवर पाऊल टाकत नाही. कायद्याशी कसं जुळवून घेतलं, हे विचारायला दुसरे एजन्सीवाले माझ्याकडे येतात. मी त्यांना चहा पाजते आणि सगळं दाखवते.

या हंगामाच्या सुरुवातीला धाकटी आली. एका हाताने मिरचीवरची गुरं हाकायचं काम जमेल म्हणाली. मला शिव्या द्यायला आली असती तर बरं झालं असतं. मी मोबाइल धरला, चेहरा लगेच जुळला. पत्र निघालं, तिच्या नावाचं. तिने ते डाव्या हातात धरून शेवटपर्यंत वाचलं.

"ताई," ती म्हणाली, "यामा तं मी आजच कामले उनू."

कामावर रुजू झाल्याची तारीख आजचीच होती. मी हो म्हणाले. खाली कामगाराची सही लागत होती. मी शाईचं पॅड तिच्या डाव्या अंगठ्याजवळ सरकवलं.