चौऱ्याऐंशी पेन्सिली आणि एक लाल फुली

तिसरीच्या बाईंना सगळी शाळा बटणबाई म्हणते. पर्समध्ये ना पावडर ना कंगवा, बटणांची पिशवी! भागाकार आला की बाई फरशीवर बटणं ओततात. "वाटा गं पोरींनो! एकेक वाटा, कंटाळलात तर पाच-पाच, घाई असेल तर दहा-दहा!" सव्वीस वर्षं हेच. गुडघे कुरकुरतात, पण बसणार खालीच.

या शाळेत गणिताचे पेपर मोठ्या बाई पुन्हा तपासतात. परवा ते परत आले आणि बटणबाईंचं डोकंच फिरलं. चौऱ्याऐंशी पेन्सिली, सहा डबे. वर्गातल्या सगळ्यात घुम्या पोरीने, चिमणीने, लिहिलेलं: प्रत्येक डब्यात दहा, साठ गेल्या. उरल्या चोवीस. आणखी चार-चार. उत्तर चौदा. त्यावर ही एवढी फुली! तेवढ्या दोन मार्कांनी पोरगी 'कच्च्या' गटात जाणार.

"बाई, मी ढ आहे ना?" चिमणीने विचारलं.

बटणबाई पेपर घेऊन तरातरा ऑफिसात. मोठ्या बाई नव्या वह्या वाटत होत्या.

"उत्तर चुकलंय का हो?"

"उत्तर बरोबर. उभी मांडणी कुठाय? रीत एकच."

"कोणी ठरवलं?"

"उगाच फाटे फोडू नका, बाई."

आणि बोलता बोलता मोठ्या बाईंचे हात चालूच! शहाण्णव वह्या, आठ वर्गांचे आठ ढीग. आधी दहा-दहा ठेवल्या. सोळा उरल्या, त्या दोन-दोन.

"मोठ्या बाई, तुमची मांडणी कुठाय?"

दारातल्या शिपाईमावशी फिस्सकन हसल्या. मोठ्या बाई लालबुंद. "हे काम आहे, परीक्षा नव्हे!"

"अस्सं! म्हणजे तुम्ही केलं की काम, आणि आठ वर्षांच्या पोरीने केलं की चूक?"

"फुली राहील. नियम आहे."

"राहते कशी!" बटणबाईंनी टेबलावरचं पेन उचललं, फुलीवर रेघ मारली, पूर्ण दोन मार्क दिले आणि खाली ठसठशीत सही ठोकली. "वर तक्रार करायची तर खुशाल करा. सही माझीच आहे."

वर्गात येऊन त्यांनी चिमणीला फळ्याशी उभं केलं. पोरगी पुटपुटत तेच गणित सोडवायला लागली. पहिल्या बाकावरच्या हुशार मॉनिटरने नाक मुरडलं, "पण दहाच का गं?"

चिमणी गर्रकन वळली. "सोपं पडतं म्हणून! तुला हवं तर पाच-पाच घे, कोण अडवतंय?"