मावशी, वस्तुमान साठ किलो

रविवार, सकाळी दहा, वर्तकनगर. हजर: तिसऱ्या मजल्यावर मावशी, तिचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि काकांचे दोन जुने विद्यार्थी. तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीत, कल्याणहून गाडीने आणलेली माझी आई. मी दोन्हीकडे.

जगात जे काही हलतं त्याचं आमचे काका उदाहरण करतात, आणि जे हलत नाही त्याचंही. ठाण्यातल्या शाळेत तीस वर्षं त्यांनी नववीला गती, कार्य आणि ऊर्जा शिकवली, आणि निवृत्त झाले ते फक्त शाळेतून. किराण्याच्या वहीतही आधी 'दिलेले', मग 'काढायचे', मग 'सूत्र'. एकक सांगितल्याशिवाय त्यांच्याकडून काही मिळत नाही. मावशी म्हणते, "चहात साखर दोन घाला." "दोन काय?" "दोन धोंडे." नौपाड्यात एकदा माझ्या दोन जड पिशव्या त्यांनी स्टेशनपर्यंत आणून दिल्या. मी आभार मानले तर म्हणाले, "कसले आभार? रस्ता सपाट, पिशव्यांची उंची बदललीच नाही. कार्य शून्य." खांदा मात्र आठवडाभर शेकत होते.

मावशीचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती जिना उतरलेली नाही, आणि आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. इमारतीला लिफ्ट नाही. दीड वर्ष दोघी बहिणी फोनच्या पडद्यावर एकमेकींना अर्ध्या कपाळापर्यंत दिसतात. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "आता राहिलं भेटायचं." हे मी काकांना सांगितलं, आणि त्यांनी वही उघडली.

पायरी पंधरा सेंटिमीटर, पायऱ्या साठ, म्हणून उंची नऊ मीटर. खुर्ची पाच किलो, मावशी साठ.

"अठ्ठावन्न आहे मी," मावशी म्हणाली.

"सोयीसाठी साठ धरलंय."

"कोणाच्या सोयीसाठी?"

उत्तर आलं पाच हजार सातशे तेहतीस ज्यूल. हे सगळं कार्य गुरुत्वाकर्षण करणार, विद्यार्थ्यांनी नुसतं धरायचं, असं काकांनी समजावलं. विद्यार्थी दोघंही पन्नाशीचे, एक बँकेतला, दुसऱ्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. दोघंही "हो सर" म्हणाले. तोंडातून तेवढंच निघतं अजून.

मावशीला खुर्चीला ओढणीने बांधलं. काका वही धरून पुढे, उलट्या पावलांनी. दुसऱ्या मजल्यावर बँकवाल्याने खुर्ची टेकवली. "सर, हात कापतायत."

"घर्षण नगण्य मानलंय आपण."

"तुम्ही मानलंय सर. माझ्या हातांनी नाही मानलं."

पंचवीस मिनिटं लागली. खाली आईसमोर खुर्ची ठेवली. मग आई म्हणाली, "किती पांढरे झाले गं केस." "फोनमध्ये दिसत नाहीत ना, ताई." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला. मी पाणी, गोळ्या, इडल्या वगैरे बघत राहिले, कारण कोणीतरी बघायला हवं होतं.

बारा वाजता मी परतीचा विषय काढला. बँकवाला पायरीवर कंबर धरून बसला होता. दुकानवाला म्हणाला, "सर, खाली गुरुत्वाकर्षणाने आणलं. वर कोण नेणार?" काकांनी वही चाळली. पुढचं पान कोरं होतं. इतक्या वर्षांत ज्याचं उत्तर काकांना माहीत नाही असं उदाहरण मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी वही मिटली, विद्यार्थ्यांना घरी जेवायला पाठवलं, आणि स्वतः साठ पायऱ्या चढून मावशीची उशी घेऊन आले. धाप लागली होती. उशी तिच्या पाठीशी सारताना हळूच म्हणाले, "मी एवढंच काढलं होतं, तुम्ही दोघी भेटाल इथपर्यंत."

आता पावणेदोन. दोघींना खुर्चीतच डुलकी लागली आहे, आईचा हात मावशीच्या मांडीवर. काका ऊन सरकेल तशा दोघींच्या खुर्च्या वीतभर सावलीत ओढतात. इलेक्ट्रिकवाला चारला आणखी दोघांना घेऊन येतो म्हणालाय. मावशीला वर न्यायचं आहे.